हौसाक्कांची खुडूक

कोंबडीच्या नाकात पीस घालायचं तर दोन माणसं लागतात. एक घालणारं आणि एक धरणारं. आमच्या घरात घालायचं काम ह्यांच्याकडे असल्यामुळे धरणारं कोण ते सांगायला नको.

"घट्ट धर. पंख दाब."

"दाबलेत की."

"मग हलतीया कशी?"

"तिचं नाक आहे म्हणून हलतेय. तुमच्या नाकात घातलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता?"

जीभ दातांत धरून ह्यांनी पिसाची काडी एका नाकपुडीतून घातली, दुसरीतून ओढली आणि कोंबडी खाली सोडली. तिला दोन्ही बाजूंना मिशा फुटल्या. ती मान झटकत, स्वतःभोवती फिरत परसात गेली. कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी द्यायची थांबवून उबवायलाच बसून राहिली, की तिला उठवायला आमच्या भागात हा उपाय करतात. नाकातलं पीस काढण्याच्या नादात ती बसायचं विसरते. नाही विसरली तर तिला बादलीत बुडवून काढतात. तरीही नाही विसरली, तर आमच्या घरी तिचा रस्सा होई.

"तीन-तीन आठवडे नुसतं बसून खायचं," हे म्हणायचे, "असला कामगार मी कारखान्यात ठेवला नसता."

हे म्हणजे माझे यजमान, रंगराव. साखर कारखान्यात बॉयलरवर सगळी उमर काढली आणि निवृत्त होऊन वेदगंगेच्या काठच्या आमच्या गावी येऊन राहिले. निवृत्त झालेली माणसं देवाला लागतात, नाहीतर राजकारणाला. हे कोंबड्यांना लागले. माझी तक्रार नव्हती. कोंबड्या निदान उलट उत्तर देत नाहीत, त्यामुळे दोन्ही पक्ष सुखात होते.

आमच्या कोंबड्या साध्या नव्हत्या. सासूबाईंच्या वेळेपासून घरात उघड्या मानेची जात होती. डोक्यावर पिसं, अंगावर पिसं आणि मधे मान लालभडक, उघडी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी कोंबडी सोलायला घेतली आणि मधेच हाक आली म्हणून सोडून दिली. पण जात मोठी काटक. भर उन्हाळ्यात गावातल्या बाकीच्या कोंबड्या चोची वासून सावलीला पडायच्या, तेव्हा आमच्या उकिरडा उकरत असायच्या. अशी जात आता गावात कुणाकडे राहिलेली नाही, ती आपण राखायची आणि नुसती राखायची नाही, सुधारायची, असं ह्यांनी मनावर घेतलं.

सुधारणा दोन होत्या. पहिली, मान संपूर्ण उघडी पाहिजे. कित्येकींच्या मानेवर पुढच्या बाजूला पिसांचा एक झुपका असतो. ह्यांच्या मते तो झुपका म्हणजे भेसळीची खूण. झुपकेवाली दिसली की ती पैदाशीतून बाद. दुसरी सुधारणा म्हणजे खुडूक बसणारी नको. चार-पाच वर्षं ह्यांनी नेटानं निवड केली आणि खरंच, आमच्या परसात गुळगुळीत मानेच्या, सदा अंडी देणाऱ्या आणि चुकूनही कशावर न बसणाऱ्या कोंबड्या फिरायला लागल्या. येईल त्याला हे हाताला धरून परसात न्यायचे. पाहुणे चहाच्या आशेनं आलेले असायचे, त्यांना आधी माना बघाव्या लागायच्या.

"पण आता अंडी उबवायची कुणी?" मी एकदा विचारलं.

"पेटी हाय की."

पेटी म्हणजे टीव्हीचं रिकामं खोकं. आत एक बल्ब, पाण्याची वाटी आणि भिंतीला अडकवलेला तापमापक. बॉयलर सांभाळलेल्या माणसाला बल्ब काय जड, असा ह्यांचा हिशेब होता. वीज राहिली तर त्यातून पिल्लं निघत. गेली तर हे खोक्याला माझी शाल गुंडाळत. त्या शालीला अजून कोंबडीचा वास येतो.

आता हौसाक्कांविषयी सांगायला हवं. हौसाक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. तिला गावातच दिलेली. नवरा लवकर गेला, मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर, आणि ही ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या घरात एकटी. सासूबाई गेल्या तेव्हा बाकीच्या कोंबड्या आमच्याकडे राहिल्या आणि आक्कांनी आईची आठवण म्हणून एक तेवढी नेली. पुढं तिचा वंश वाढला. पण आक्कांकडे कोंबडे कुठले, तर आठवड्याच्या बाजारातले, कुणी दिलेले, कुणाचे चुकून आलेले. त्यांच्या कोंबड्या वाटेल तेव्हा अंडी देत आणि वाटेल तेव्हा खुडूक बसत. आक्का त्यांना काही म्हणत नसत.

एका वर्षी यात्रेला आक्का एक तरणा कोंबडा काखेत घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. भावाच्या हौसेला म्हणून घरचा, निवडून आणलेला. घर पाहुण्यांनी भरलेलं. ह्यांनी कोंबडा हातात घेतला, मानेवर फुंकर मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "झुपका हाय, आक्का. भेसळ. रश्श्याला चालंल."

आक्कांनी ह्यांच्या हातातून कोंबडा घेतला, परत काखेत घातला आणि ताट वाढलेलं तसंच सोडून ओढ्याच्या वाटेला लागल्या. त्या दिवाळीला त्या भाऊबिजेला आल्या नाहीत. पुढच्याही नाही. हे भाऊबिजेच्या दिवशी सकाळीच आंघोळ करून, टोपी घालून ओसरीवर बसायचे आणि दुपारी टोपी काढून ठेवायचे. मी जाऊन बोलावून आणते म्हटलं की म्हणायचे, "तिला पाय हायत."

त्या दुसऱ्या भाऊबिजेनंतरच्या हिवाळ्यात गावात मानमोडी आली.

हा कोंबड्यांचा रोग. कोंबडी मान वाकडी करून गोल फिरायला लागते, आणि एकदा फिरायला लागली की उरत नाही. लस टोचायला माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता. रोग त्याच्या आधी आला. आठवड्याच्या आत आमचं परस रिकामं झालं. हे स्वतः खड्डा खणायचे, चुना टाकायचे, पुरायचे. शेवटी त्यांचा लाडका कोंबडा गेला, तेव्हा फावडं तिथंच टाकून ते खड्ड्याच्या कडेला बसून राहिले. मी त्यांची एवढी थट्टा करते, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. आईच्या हातचं असं त्यांच्याकडे दुसरं काहीच उरलेलं नव्हतं.

उरली होती ती दुरडीभर अंडी. रोग यायच्या आधी बाजूला काढून ठेवलेली, प्रत्येकावर पेन्सिलीनं बारीक फुली. जात राहणार की संपणार ते त्या दुरडीवर होतं.

"आक्कांची काळी कोंबडी खुडूक बसलीय म्हणे," मी म्हटलं. "दूधवाला सांगत होता. मळ्यात रोग गेलेला नाही."

"पेटी हाय की," हे म्हणाले.

अंडी पेटीत गेली. त्याच रात्री वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पुन्हा गेली. हे गरम पाण्याच्या बाटल्या भरून खोक्यात ठेवत, तापमापक बघत, बाटल्या बदलत. कारखान्यात पाळी बदलायला माणूस यायचा, इथं कुणी येणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांचे डोळे लाल झाले होते आणि तापमापकाचा पारा कुठल्या कुठे खाली गेला होता.

"जाऊ या का?" मी विचारलं.

"तिनं दार लावून घेतलं तर?"

दोन वर्षं हा माणूस ह्याला घाबरत होता, हे मला तेव्हा कळलं. मी दुरडीत भाताचं तूस घातलं, अंडी ठेवली, वर फडकं बांधलं आणि त्यांच्या हातात दिली. "लावून घेतलं तर मी उघडायला सांगते. चला."

ओढ्याच्या अलीकडे असतानाच पलीकडून आवाज आला.

"तिथंच थांब! चपला काढ त्या!"

हौसाक्का बांधावर उभ्या होत्या. कमरेला पदर खोचलेला, हातात खराटा.

"आक्का, मी..."

"तू कोन ते दिसतंय मला. चपला काढ. गावात मानमोडी हाय आन तू माझ्या दारात पाय घेऊन येतूस? वड्यात पाय धू. हात धू. शालन, तू बी धू."

हे मुकाट्यानं ओढ्यात उतरले. माघातल्या त्या पाण्यात उभं राहून साठी उलटलेल्या माणसानं बहिणीदेखत कोपरापर्यंत हात धुतले. त्या वर बांधावरून बघत होत्या. "मागं धू, घोट्याच्या मागं," असं एकदा म्हणाल्या. मला वाटतं, त्यांनी सगळ्या दोन वर्षांचं तिथंच वसूल केलं.

घराच्या कोपऱ्यात पाटीत काळी कोंबडी बसली होती. उघड्या मानेची, झुपकेवाली. हे तिच्याकडे बघेनात.

"काय हवंय?" आक्कांनी विचारलं. दुरडी समोर दिसत होती तरी.

"ही अंडी... बसवायची होती."

"कशाखाली?"

ह्यांनी दुरडीवरचं फडकं उगाच सारखं केलं.

"न्हाई, कशाखाली बसवायची म्हंतोस? तुझ्याकडं लई कोंबड्या हुत्या की. त्यांतली एक बी बसंना व्हय?"

"त्या गेल्या गं आक्का," हे म्हणाले. "सगळ्या गेल्या."

आक्कांच्या हातातला खराटा खाली आला. त्यांना रोग आल्याचं ठाऊक होतं, सगळ्या गेल्याचं नव्हतं. त्यांनी तोंड फिरवलं आणि उगाचच चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"आर्धलीनं," त्या म्हणाल्या. "कोंबडी माझी, अंडी तुझी. निघतील त्यांतली आर्धी पिल्लं माझी. रीत हाय ती."

"व्हय."

"आन तिचं समदं तू करायचंस. रोज सकाळी येऊन तिला उठवायचं, दाणापाणी करायचं, परत बसवायचं. माझं गुडघं न्हाईत तसलं वाकायचं. ती टोचती, सांगून ठेवते."

"मी?"

"मग कोन? मी व्हय? मला कुठं कळतंय कोंबड्यांतलं. माझी समदी भेसळ."

ह्यांनी मान खाली घातली. आक्कांनी अंडी एकेक करून हातात घेतली, कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसली आणि काळीच्या पोटाखाली सरकवली. वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून पाटीत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला. काळीनं पंख फुगवले, चोचीनं अंडी आत ओढून घेतली आणि आमच्याकडे 'आता निघा' अशा नजरेनं बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून हे रोज मळ्यात जायला लागले. पहिले काही दिवस येताना हाताला चिंधी बांधलेली असे.

"टोचलं?"

"थोडं. तिला आपला हात वळखीचा न्हाई अजून."

मग हळूहळू जाण्याची वेळ तीच राहिली आणि येण्याची पुढं सरकायला लागली. कोंबडी दाणे खाऊन परत बसायला कितीसा वेळ घेते? पण हे जेवणाच्या वेळेला घरी यायचे आणि भूक नाही म्हणायचे. आक्कांकडे नाचणीची भाकरी झालेली असे. एके दिवशी कपड्यांना माती लागलेली दिसली, म्हणजे आक्कांच्या घराची कौलं फिरवून झाली. एके दिवशी गोठ्याचं दार बसवून झालं. घरी माझा नळ सहा महिने गळत होता, तो गळतच राहिला.

"काय बोलता हो दोघं एवढं?" मी विचारलं.

"बोलतंय कोन? ती शिव्या देती, मी ऐकतो."

हे सांगताना त्यांचं तोंड कारखान्यात बक्षीस मिळालं होतं तेव्हासारखं दिसत होतं. आईची कुठली गोष्ट आक्काला आठवते आणि आपल्याला आठवत नाही, आपल्याला कुठली आठवते आणि तिला नाही, असं ते मला सांगत बसायचे. मानेची सुधारणा, झुपका हे विषय त्यांच्या बोलण्यातून गेलेच होते.

एकदा ह्यांना दाताच्या डॉक्टरकडे जावं लागलं, म्हणून त्या सकाळी काळीचं करायला मी गेले. दार उघडं होतं. आक्का परसात पाठमोऱ्या बसल्या होत्या. समोर खड्डा खणलेला आणि त्यात काहीतरी टाकत होत्या. वास आला तेव्हाच मला कळलं. खराब अंड्याचा वास दुसऱ्या कशासारखा नसतो.

"वन्सं?"

त्या दचकल्या नाहीत. हातातलं अंडं त्यांनी मला उन्हात धरून दाखवलं. आत नुसतं ढवळलेलं पाणी. वर पेन्सिलीची फुली.

"समदी?" मी विचारलं.

"समदी. पेटीतच मेली असतील. मला दुसऱ्या दिशीच वाटलं हुतं, पन म्हटलं बघू. मग काढून बाजूला ठेवली, काल त्यांतलं एक फुटलं."

खड्ड्याच्या कडेला बसलेल्या ह्यांना मी आधी एकदा बघितलं होतं. आता त्यांना परत हे सांगायचं?

"मग आता काळी कशावर बसलीय?"

आक्कांनी उत्तर द्यायच्या आधी माती ढकलून खड्डा बुजवला. "माझ्या कोंबड्यांची हायत. आठवडा झाला घालून."

"आठवडा? म्हणजे ह्यांनी रोज..."

"तो कुठं बघतोय! चश्मा घरी इसरून येतो. मी कोळशानं फुल्या मारल्या त्याच्यासारख्याच." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "शालन, त्याला सांगू नको गं. माझी ही भेसळ त्याला नको असनार, ठावं हाय मला. पिल्लं निघाली की कळंल तेव्हा कळंल. पन तंवर तरी येईल की. आता सांगितलंस तर उद्यापास्नं यायचा न्हाई तो."

आक्का आता नाहीत, म्हणून हे लिहायला हरकत नाही. तेव्हा मी मान डोलावली आणि काळीला उठवायला गेले. तिनं मला कडकडून टोचलं.

पुढचे दिवस मला कठीण गेले. ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पिल्लं निघायच्या तारखेभोवती गोल केला होता. ती तारीख आली. हे नवा सदरा घालून गेले आणि तसेच परत आले.

"अजून न्हाई."

"असं होतं का?"

"आक्का म्हणाली, थंडी हाय. थंडीत उशीर लागतो."

दुसऱ्या दिवशीही थंडी होती. तिसऱ्या दिवशीही. उबवणीच्या दिवसांचा हिशेब शेंबड्या पोराला ठाऊक असतो, आणि हा माणूस तर तापमापक लावून बसलेला. मी त्यांच्या तोंडाकडे चोरून बघायची. ते शांतपणे चहा पिऊन मळ्याकडे निघायचे. मनात म्हटलं, आशा माणसाला किती आंधळं करते.

अखेर एका सकाळी आक्कांकडून निरोप आला. आम्ही दोघंही गेलो. ओढ्यात पाय धुतले, आता कुणी सांगायला लागत नव्हतं.

काळीच्या पंखांखालून चिवचिवाट ऐकू येत होता. आक्का चुलीशी होत्या आणि आमच्याकडे पाठ करून दूध तापवत होत्या. दूध केव्हाच उतू गेलेलं होतं.

हे पाटीपाशी उकिडवे बसले. काळीनं आता त्यांना टोचलं नाही. त्यांनी तिच्या पोटाखाली हात घातला आणि पहिलं पिल्लू बाहेर काढलं. मान उघडी होती. पुढच्या बाजूला ओल्या लवीचा झुपका. दुसरं काढलं, त्यालाही झुपका. तिसरं, चौथं, सगळ्यांना झुपके. मग त्यांच्या हाताला एक पिल्लू लागलं, ते त्यांनी उजेडात आणलं आणि हात तिथंच थांबला. त्याची मान उघडी नव्हतीच. डोक्यापासून शेपटीपर्यंत पिवळी गच्च लव, बाजारातल्या कुठल्याही पिल्लासारखी.

चुलीपाशी काही हललं नाही.

"आक्का," हे म्हणाले, "ह्याच्या मानेला लव हाय गं."

आक्का वळल्या नाहीत. चुलीकडे बघतच म्हणाल्या, "थंडी हाय न्हवं. थंडीनं आली असंल."

आयुष्यात इतकं अडाणी कारण मी ऐकलं नव्हतं. पाच वर्षं आमच्या घरात मानांवर भाषणं ऐकलेली मी, मलाही ते हसू आणणारं होतं. आता हा माणूस काय बोलतो आणि आक्कांचं काय होतं, एवढंच माझ्या मनात होतं.

हे पिल्लू तळहातावर घेऊन बघत राहिले. बोटानं त्याची मान कुरवाळली.

"व्हय," ते म्हणाले. "थंडीनं येती."

आणि पिल्लू अलगद काळीच्या पंखाखाली सरकवलं.

"वाटणी करायची न्हवं?" आक्कांनी विचारलं. अजून चुलीकडेच तोंड. "आर्धली ठरलीया."

"आत्ता कसली वाटनी? आईपास्नं तोडायची व्हय? हितंच वाढू देत सगळी. मी येतो की बघायला."

तेव्हा आक्का वळल्या. डोळे चुलीच्या धुरानं लाल झाले होते असं म्हणू या. "मग बस," त्या म्हणाल्या. "उभा का? च्या घे."

चहा झाला. आक्कांच्या चहाला चव नाही म्हणून ह्यांनी नावं ठेवली, तुझ्या जिभेला कधी चव होती म्हणून आक्कांनी सुनावलं. दुपार होता होता आम्ही निघालो.

ओढा ओलांडेपर्यंत मी धीर धरला. मग राहवलं नाही.

"अहो, थंडीनं पिल्लाच्या मानेला लव येते?"

"न्हाई येत."

"मग?"

हे चालता चालता थांबले. ओढ्याच्या दगडावर बसून चपला घालायला लागले. "ती माझी अंडीच न्हवती. माझी पेटीतच गेली. मी लवकर गेलो असतो तर जगली असती, पर मला माझा ताठा लई हुता."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पेन्सिलीची फुली कोळशाची झाली तेव्हाच. चष्मा नसला म्हणून काय झालं, कोळसा हाताला लागतो."

म्हणजे ते सगळे दिवस हा माणूस बहिणीची अंडी उबवायला रोज ओढा ओलांडून जात होता. कॅलेंडर, नवा सदरा, सगळं माहीत असून.

"आणि झुपका?" मी विचारलं. "भेसळ?"

"आईच्या कोंबडीला हुता की झुपका," ते चपलेचा पट्टा लावत म्हणाले. "चांगला मोठा हुता. मीच काढत बसलो हुतो." मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आक्काला काय बोलू नको हां. मला कळलंय म्हणून तिला कळलं, तर ती म्हणंल, ही पिल्लं तुझी न्हवंतच, आता कशाला येतूस."

मला दोघांनीही तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, दोघांच्याही मनात एकच भीती होती आणि मधे ओढा होता.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा हे टोपी घालून दारात उभे होते.

"चहा घेऊन जा की."

"तिकडं होईल. पिल्लांना कण्या घालायच्यात, उशीर नको."

एवढं बोलून लगबगीनं निघून गेले. कण्यांची पुडी ओट्यावरच राहिली होती. मी हाक मारली नाही.